काच बघा, मग भाव करा : मुंबईत जुनी लेन्स घेताना

मुंबईत जुनी लेन्स स्वस्तात मिळण्याची कारणं दोनच. एक तर विकणाऱ्याला आपल्याकडे काय आहे ते ठाऊक नसतं, नाहीतर लेन्समध्ये काहीतरी खोट असते आणि म्हणून ती कुणी उचलत नाही. पहिल्या कारणाचे दिवस जवळजवळ संपले. चोर बाजारात दुकान सांभाळणारा पोरगाही आता लेन्सवरचं नाव मोबाइलवर टाकून परदेशातला भाव बघतो आणि तोच भाव तुम्हाला सांगतो. उरली ती खोट. कोणती खोट फोटोत दिसते आणि कोणती फक्त डोळ्यांना दिसते, हे ज्याला कळतं त्याला या शहरात अजूनही चांगला माल पडत्या भावात मिळतो. त्यामुळे या लेखात दुकानांपेक्षा काचेबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी आपल्या कॅमेऱ्याचं माप

लेन्स शोधायला निघण्याआधी तुमच्या कॅमेऱ्यावर काय बसतं ते पाहा. याचं उत्तर एका अंतरात आहे : लेन्स जिथे कॅमेऱ्याला टेकते तिथपासून सेन्सरपर्यंतचं, म्हणजे आत फोटो टिपणाऱ्या चिपपर्यंतचं अंतर. प्रत्येक कंपनीने ते आपापल्या सोयीने ठेवलं. निकॉनच्या एफ माउंटचं (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा, पुढची नावंही माउंटचीच) ४६.५ मिलिमीटर, ऑलिंपस ओएमचं ४६, पेंटॅक्स के आणि एम४२ या दोन्हींचं ४५.४६, कॅनन ईएफचं ४४, जुन्या मिनोल्टाचं ४३.५ आणि कॅननच्याच जुन्या एफडीचं ४२. आता मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, कॅमेरे बघा : कॅनन आरएफ २०, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६.

नियम सोपा आहे. लेन्सचा आकडा कॅमेऱ्याच्या आकड्यापेक्षा मोठा हवा. मधला फरक भरून काढतो तो अ‍ॅडॉप्टर, म्हणजे धातूची साधी कडी. फरक उलटा पडला तर लेन्स जवळच्या वस्तूंवर फोकस होईल, पण मरीन ड्राइव्हच्या पलीकडच्या इमारती कधीच स्पष्ट येणार नाहीत. त्यावर तोडगा म्हणून मध्ये काच असलेले अ‍ॅडॉप्टर मिळतात. ते घेऊ नका. चांगल्या लेन्सची माती होते.

म्हणजे मिररलेस असेल तर जवळजवळ सगळा जुना बाजार तुमचा. कॅननचा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा, असेल तर एम४२, निकॉन आणि ओएम चालतील, पण कॅननच्याच एफडी लेन्स चालणार नाहीत. हे अनेकांच्या पचनी पडत नाही, आणि दुकानदार 'कॅनन का कॅनन पे लगेगा' असं ठासून सांगतो. लागणार नाही. निकॉनचा डीएसएलआर असेल तर निकॉनच्याच लेन्स बघा, बाकीच्यांच्या मागे लागू नका.

निकॉनवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. निकॉनने एफ माउंट १९५९ साली आणला आणि १९७७ साली त्यात बदल करून 'एआय' लेन्स काढल्या. त्याआधीची, न बदललेली लेन्स डी७००० सारख्या कॅमेऱ्यावर जोराने बसवली तर माउंटच्या कडेची छोटी पट्टी मोडू शकते. ओळख अशी : एआय लेन्सवर अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या, आकड्यांच्या दोन ओळी असतात, मोठ्या आकड्यांची एक आणि तिच्या मागे बारीक आकड्यांची दुसरी. एकच ओळ असेल तर थांबा. गंमत म्हणजे डी३५०० किंवा डी५६०० सारख्या साध्या कॅमेऱ्यांना ती पट्टीच नाही, त्यामुळे त्यांच्यावर जुनी लेन्सही सुखाने बसते. मात्र या कॅमेऱ्यांचा उजेड मोजणारा मीटर जुन्या मॅन्युअल लेन्सबरोबर चालत नाही. मॅन्युअल मोड लावायचा, एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, बघायचा आणि शटरचा वेग बदलायचा. दोन दिवसांत हात बसतो.

घरून निघण्यापूर्वी मेनूमध्ये एक काम करून ठेवा. लेन्स नसतानाही शटर चालावं असा पर्याय बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत असतो, तो चालू करा. नाहीतर दुकानात कॅमेरा 'लेन्स नाही' म्हणून हटून बसतो आणि दुकानदाराला वाटतं की गिऱ्हाइकाला काही येत नाही. तिथेच भाव चढतो.

पहिली लेन्स कोणती

५० मिलिमीटर, एफ १.८ किंवा एफ २. (हे मिलिमीटर मघाच्या अंतराचे नव्हेत, फोकल लेंग्थचे : आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं. एफचा आकडा लहान तितकं अ‍ॅपर्चर मोठं उघडतं.) दुसरा विचार करू नका. फिल्मच्या काळात बहुतेक एसएलआर कॅमेऱ्यांबरोबर ही लेन्स यायची, त्यामुळे ती ढिगाने बनली, आणि ढिगाने बनलेली वस्तू स्वस्त असते. निकॉनची १९७९ पासूनची सीरीज ई ५० मिमी दिसायला प्लॅस्टिकची आणि चपटी आहे, म्हणून लोक नाक मुरडतात. काच उत्तम आहे. पेंटॅक्स के१००० बरोबरची ५० एफ २ हीसुद्धा अशीच दुर्लक्षित. सेन्सर लहान असेल तर ५० ची लेन्स ७५ ते ८० सारखी वागते हे लक्षात ठेवा. चेहऱ्यांसाठी छान, पण गिरगावच्या चाळीत जिन्यावर उभं राहून सगळं कुटुंब एका चौकटीत बसवायचं असेल तर २८ लागेल.

त्यानंतर १३५ एफ २.८. त्या काळी हौशी माणूस दुसरी लेन्स म्हणून हीच घ्यायचा, त्यामुळे घरोघरी पडून आहेत. आज फार कुणाला नकोत. गणपतीच्या मिरवणुकीत लांबून चेहरे टिपायला यासारखी स्वस्त सोय नाही.

रशियन हेलिओस ४४ चं नाव तुमच्या कानावर आलंच असेल. ५८ मिमी, एफ २, फोटोत मागच्या झाडांची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात. लेन्स चांगली आहे, पण आता तिला नावाचा भाव लागतो. घ्यायचीच असेल तर झेनिट या रशियन कॅमेऱ्यासकट शोधा. सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा बनावटीचं साल सांगतात : ७८ ने सुरू झाला तर १९७८. 'बहुत पुराना, अंग्रेज के जमाने का' असं कुणी सांगू लागलं की तो क्रमांक वाचायचा आणि गालात हसायचं.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या स्वस्त झूम लेन्स, विशेषतः ८०-२०० छापाच्या, फुकट मिळाल्या तर घ्या.

कुठे शोधायची

सगळ्यात स्वस्त बाजार तुमच्याच नात्यात आहे. दादर, गिरगाव, पार्ले, डोंबिवली, ठाणे, कुठेही एखादा काका किंवा मामा असा असतोच, ज्याने एकेकाळी हौसेने कॅमेरा घेतला आणि डिजिटल आल्यावर माळ्यावर टाकला. फोटोग्राफी शिकणाऱ्या पोरांनी घेतलेले पेंटॅक्स के१००० आणि निकॉन एफएम१० असेच कपाटात झोपलेत. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कुणाकडे जुना फिल्म कॅमेरा आहे का, चालत नसला तरी चालेल' एवढंच टाका. शेवटचे शब्द महत्त्वाचे. शटर बंद पडलेला कॅमेरा घरच्यांच्या लेखी भंगार असतो, पण त्याच्या तोंडावरची लेन्स ठणठणीत असू शकते. नात्यातली वस्तू आहे म्हणून फुकट मागू नका. मावशी पैसे नको म्हणाली तरी तिचे दोन चांगले फोटो मोठे करून द्या.

मात्र यशिका इलेक्ट्रो ३५, यशिका मॅट किंवा आगफा क्लिक थ्री मिळाला तर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. त्यांच्या लेन्स कॅमेऱ्याला कायमच्या जोडलेल्या असतात, सुटत नाहीत. त्यात फिल्म घाला.

दुसरं ठिकाण फोर्ट. सीएसएमटीच्या बाहेर पडलं की दादाभाई नौरोजी रोड आणि बोरा बाजारची गल्ली या पट्ट्यात कॅमेऱ्यांची दुकानं आणि दुरुस्तीवाले आहेत. इथे भाव चोख असतो, लूट कमी आणि लॉटरीही कमी. नवख्याने पहिली लेन्स इथेच घ्यावी असं माझं मत आहे, कारण इथे काउंटरवर लेन्स आपल्या कॅमेऱ्याला लावून बघू देतात, आणि दोन-चार दिवसांत परत आणायची मुभा मागितली तर बरेच जण देतात. बिलावर तसं लिहून घ्या. दुरुस्तीवाल्यांशी ओळख करा. गिऱ्हाईक परत न आलेल्या, पैसे न भरता सोडून दिलेल्या लेन्स त्यांच्या खणात असतात, आणि त्या शोकेसमध्ये कधीच दिसत नाहीत. आपला एखादा फिल्टर काढून द्यायला सांगा, बसा, चहा घ्या, मग विचारा. रविवारी हा भाग बहुतेक बंद असतो.

तिसरा चोर बाजार, म्हणजे मटण स्ट्रीट. ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला उतरून चालत जाता येतं, सँडहर्स्ट रोडहूनही. पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. दोन्हींचा स्वभाव वेगळा. दुकानांत कॅमेरा हा शोभेचा माल आहे. हॉटेलवाले, सेटवाले आणि परदेशी पाहुणे तो कपाटात ठेवायला नेतात, त्यामुळे पितळेचं काम किंवा चामड्याची घडी असलेल्या कॅमेऱ्याला वाट्टेल तो भाव, आणि साध्या काळ्या पेंटॅक्स लेन्सकडे दुकानदाराचंही लक्ष नसतं. आपल्याला त्या काळ्या लेन्सच हव्या आहेत. जुम्मा बाजारात सकाळी लवकर जा. तिथे चादरीवर चार्जर, दाराच्या कड्या, तुटके रिमोट आणि त्यात मधेच एखादी लेन्स, झाकणाशिवाय, काच वर करून. परत देणं नाही, बिल नाही. म्हणून तिथे तेवढेच पैसे घाला, जेवढे गेले तरी रात्री झोप लागेल. आणि एखादा नवाकोरा डिजिटल कॅमेरा डब्याशिवाय, कागदाशिवाय अर्ध्या भावात समोर आला तर पाठ फिरवा. तो कुणाच्या तरी बॅगेतून आलेला असण्याची शक्यता दाट.

चौथं, ऑनलाइन. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर 'व्हिंटेज लेन्स' असं शोधलं की जाणकारांचे भाव दिसतात. ज्याला माहिती नाही तो 'ओल्ड कॅमेरा' किंवा 'अँटिक कॅमेरा' लिहितो, झेनिटला 'झेनिथ' आणि पेंटॅक्सला 'पेंटेक्स' करतो. अशीच चुकीची स्पेलिंग टाकून शोधा. फोटो मोठा करून लेन्सवरची अक्षरं वाचा. भेटायचं दिवसाढवळ्या, स्टेशनच्या गर्दीत, दादरला इंडिकेटरखाली. आगाऊ पैसे कुणालाही पाठवायचे नाहीत. 'मी लष्करात आहे, बदली झाली, कुरियरने पाठवतो' हे जुनं नाटक अजून चालू आहे. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे तुम्ही स्वतः काही विकायला काढाल तेव्हा उपयोगी पडेल.

जपानहून मागवायचा मोह होतो. तिथल्या विक्रेत्यांची वर्णनं नेमकी असतात, बुरशीचा ठिपका असला तरी लिहितात. पण कुरियर आणि कस्टम ड्युटी धरून हिशोब करा. साध्या ५० साठी तो बसत नाही.

पिशवीत काय हवं

तुमचा कॅमेरा, योग्य अ‍ॅडॉप्टर, छोटी टॉर्च (मोबाइलची चालेल, पण वेगळी असली तर हात मोकळा राहतो), मऊ कापड, हवेचा फुगा, मागचं एखादं झाकण आणि रोख पैसे. अ‍ॅडॉप्टर खिशात असणं ही अर्धी लढाई आहे. लेन्स लावून बघणारं गिऱ्हाईक आणि नुसतं हातात घेऊन फिरवणारं गिऱ्हाईक यांतला फरक विकणाऱ्याला लगेच कळतो.

तपासणी : इथे घाई नको

आंब्याची पेटी घेताना आपण नुसता वरचा थर बघत नाही, खालचाही काढून वास घेतो. लेन्सचंही तसंच, समोरची काच चकाचक पुसलेली असते आणि खरी गोष्ट आत असते.

आधी लेन्स हातात घेऊन कानाजवळ हलकेच हलवा. खुळखुळ आली तर आत काहीतरी सुटलं आहे. फिल्टर बसतो त्या कडेला बोट फिरवा. चेपलेली असेल तर लेन्स पडलेली आहे. मग मागच्या बाजूचे छोटे स्क्रू बघा. त्यांच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर कुणीतरी ती आधी उघडली आहे. उघडणं वाईट नाही, पण हातोडीवाल्या हाताने उघडलेली लेन्स आत नीट जुळवलेली असेलच असं नाही.

आता फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. जड असेल तर आतलं ग्रीस वाळलंय. घाबरायचं कारण नाही, दुरुस्तीवाला नवं भरतो. ती मध्येच अडकत असेल किंवा पुढचा भाग बोटांनी हलवल्यावर डुगडुगत असेल तर सोडा.

अ‍ॅपर्चरची रिंग फिरवून ते लहान-मोठं करणाऱ्या आतल्या पात्यांकडे बघा. एम४२ लेन्सच्या मागे एक बारीक पिन असते. अनेक लेन्सना 'ए' आणि 'एम' असा छोटा खटका असतो, तो 'एम'वर ठेवला की पाती रिंगप्रमाणे मिटतात. 'ए'वर असताना रिंग कितीही फिरवा, पाती उघडीच राहतात, आणि नवखा माणूस लेन्स बिघडली म्हणून परत ठेवतो. खटका नसेल तर पिन बोटाने दाबून बघा, पाती मिटली पाहिजेत. अशा लेन्सला पिन दाबून धरणारी कड असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो. हेलिओस ४४-२ ला ही भानगड नाही, तिला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा असतात आणि आठ पाती.

पात्यांवर तेलाची चकाकी दिसली तर दुकानदारच भाव कमी करतो, आणि इथे तुमचा फायदा आहे. फिल्म कॅमेऱ्यावर फोटो काढण्याच्या क्षणी पाती झपकन मिटावी लागत. तेलाने ती आळसावली की फोटो पांढरा पडायचा. तुम्ही अ‍ॅडॉप्टरवर वापरणार असाल, तर पाती आधीच हाताने मिटवून ठेवणार. ती सावकाश मिटली तरी फोटोला काही होत नाही. पूर्ण अडकलेली मात्र नकोत, आणि ते तेल उडून काचेवर धूसर थर बसलेला नाही ना एवढं बघा.

आता काच. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. लेन्स काळ्या कापडासमोर किंवा सावलीत धरा आणि टॉर्च मागून तिरकी मारा. सरळ मारू नका, प्रत्येक लेन्समध्ये इतका कचरा दिसेल की तुम्ही आयुष्यात लेन्स घेणार नाही. तिरक्या उजेडात चार गोष्टी शोधायच्या.

धूळ म्हणजे सुटे ठिपके. प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते, फोटोत दिसत नाही. विसरा. काचेत अडकलेले हवेचे बारीक बुडबुडेही दिसतील, तेही निरुपद्रवी.

बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, बहुधा कडेकडून आत. मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. त्यात लेन्स चामड्याच्या केसमध्ये, केस कपाटात, कपाट बाहेरच्या भिंतीला लागून. असं ठेवलं की बुरशीला आवताण दिल्यासारखंच आहे. ती काचेवर आम्ल सोडते आणि कोटिंग, म्हणजे काचेवरचा पातळ लेप, खाते. म्हणून प्रश्न बुरशी आहे का हा नाही, ती कुठे आणि किती जुनी हा आहे. पुढच्या किंवा मागच्या काचेच्या आतल्या बाजूला, कडेला, दोन-चार धागे असतील तर दुरुस्तीवाला उघडून पुसतो आणि प्रकरण मिटतं. मधल्या काचांवर, मध्यभागी, दाट जाळं असेल तर पुसल्यावरही त्याचा नकाशा कोटिंगवर राहतो. दुकानदार 'साफ हो जाएगा' म्हणाला तर म्हणा, 'साफ करवा के रखो, फिर लूंगा.'

तिसरा धूसरपणा. सगळ्या काचेवर श्वास टाकल्यासारखा एकसारखा थर. टॉर्चशिवाय दिसत नाही आणि नवख्यांना फसवतो तो हाच, कारण लेन्स डोळ्यांना स्वच्छ वाटते आणि फोटोतला काळा रंग राखाडी येतो. बुरशीच्या दोन धाग्यांना घाबरणारे लोक धूसर लेन्स आनंदाने घेऊन जातात. उलट करा.

चौथं, दोन काचा चिकटवलेला गोंद सुटणं. कडेला इंद्रधनुषी रंगाचा पट्टा किंवा चंदेरी डाग दिसतो. हे दुरुस्त करायला जाऊ नका, लेन्स ठेवून द्या.

ओरखड्यांचं गणित डोळ्यांना पटत नाही तसं आहे. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा उन्हासमोर धरल्याशिवाय फोटोत सहसा दिसत नाही, पण तो समोरच असतो म्हणून भाव सगळ्यात जास्त तोच पाडतो. मागच्या, सेन्सरजवळच्या काचेवरचा छोटा ओरखडा जास्त नडतो, आणि तो कुणी बघतच नाही. म्हणजे पुढे एक ओरखडा, मागे स्वच्छ, आत धूसरपणा नाही : ही तुमची लेन्स.

एक अपवाद सांगून ठेवतो. सुपर टाकुमार ५० एफ १.४ सारख्या काही लेन्समध्ये थोरियम हा किरणोत्सर्गी धातू घातलेली काच वापरली होती, ती काळाने पिवळी पडते. दुकानदार तिला खराब समजतो. पिवळेपणा अतिनील प्रकाशाने उतरतो. काही आठवडे खिडकीत उन्हात ठेवली की काच बरीच निवळते. फक्त दोन्ही टोकं उघडी ठेवून सोडू नका, एका बाजूला चांदीचा कागद लावा आणि खाली पडदे-कागद काही नको, कारण भिंग ऊन एकवटतं आणि आग लावू शकतं. किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो, फोटो काढायला धोका नाही. उशाखाली घेऊन झोपू नका एवढंच.

शेवटी लेन्स कॅमेऱ्याला लावा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून दूरच्या पाटीचा एक फोटो, दिव्याकडे तोंड करून एक, आणि एफ ८ ला एक. स्क्रीनवर मोठं करून चारही कोपरे बघा. एकच बाजू अस्पष्ट असेल तर काच तिरकी बसली आहे, सोडा.

भाव

दुकानात शिरल्या शिरल्या हवी ती लेन्स उचलू नका. आधी दुसऱ्या दोन वस्तूंचा भाव विचारा, मग सहज 'और ये?' म्हणा. सांगितलेल्या भावावर लगेच आकडा फेकायचा नाही. टॉर्च काढा, खोट दाखवा, गप्प बसा.

संवाद साधारण असा होतो.

'चार हजार.'

'चाचा, अंदर फंगस देखो. खोलने का पैसा मेरे को लगेगा.'

'अरे, ये जापान का है.'

'जापान का है इसलिए तो खड़ा हूं.'

'तुम बोलो.'

आकडा बोलायच्या आधी तुमचा हिशोब तयार हवा. त्या लेन्सची चांगली प्रत आज खरंच किती रुपयांना विकली जाते ते बघा. लोक मागतात तो भाव नाही, विकली गेली तो भाव. ईबेवर पूर्ण झालेले सौदे वेगळे बघता येतात. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा, अ‍ॅडॉप्टर नसेल तर तोही. उरेल त्यातून तुमच्या जोखमीचे पैसे काढा, कारण परत द्यायची सोय नाही. हा आकडा चिठ्ठीवर लिहूनच निघा. भर बाजारात, समोर काच चमकत असताना, मनातले आकडे वर सरकतात. पहिली बोली या आकड्याच्याही खाली असू द्या आणि आकड्यावर आलात की थांबा. नाही जमलं तर नमस्कार करून निघा. चार पावलांवर हाक येते, न आली तर भाव खरा होता असं समजा.

सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला बोहनीपायी थोडं सोडतात. पण बोहनीच्या वेळी उगाच भाव करून न घेता निघून जाणं मात्र बरं दिसत नाही, तेव्हा घ्यायचं असेल तरच तोंड उघडा. खोटी खोटही सांगू नका. हा बाजार लहान आहे, पुढच्या महिन्यात तुम्ही त्याच माणसासमोर उभे असणार.

घरी आणल्यावर

चामड्याची केस काढून बाजूला ठेवा, लेन्स तिच्यात पुन्हा घालू नका. शक्य असेल तर ड्राय कॅबिनेट घ्या आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये मंद तापवून पुन्हा निळे करा. ते खाण्याच्या भांड्यात तापवू नका. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, त्यामुळे एका लेन्सची बुरशी दुसरीला लागेल या धास्तीपेक्षा डब्यातल्या आकड्याकडे लक्ष द्या. जून ते सप्टेंबर लेन्स आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा, बाहेर पाऊस असला तर खिडकीतूनच.

घेताना बुरशीचे धागे दिसले असतील तर दुरुस्तीवाल्याकडे पावसाळ्याआधी न्या. मे महिन्यात त्याच्याकडे गर्दी कमी असते, ऑगस्टमध्ये सगळे जण धावत येतात.